लेकीच्या घरचं पाणी
कडूबाला अन् मला एकच आजार, प्रोस्टेटचा कॅन्सर. दोघांचाबी सुरुवातीलाच सापडला. डॉक्टर म्हणाले, मशीनचा शेक, म्हंजे रेडिएशन घ्या, बरे व्हाल. आता हा कडूबा कोण? माझा व्याही! राहतो इथंच दवाखान्याजवळ, सिडकोत. शेकाला येतो राजावाणी, संगं माझी लेक निशा.

शेकाच्या आधी पाणी प्यायचं अन् लघवी दाबून बसायचं. पिशवी भरली नाय तर मशीनवरून उठवतात. निशा सासऱ्याला वेळ बघून पाणी देते. मी गंगापूरहून जीपमधी हादरे खात येतो, एकटाच पितो, अन् हप्त्यातून दोनदा बाहेर! मशीनवाला म्हणतो, "काका, भरली नाही, अजून प्या." कडूबा मात्र जातो अन् हसत बाहेर येतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. लेक वाढवली मी, अन् सेवा घेतो हा!

तशी निशा मलाबी विचारायची, "अप्पा, पाणी देऊ?" मी नको म्हणायचो. लेकीला मूल झाल्याबिगर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाय, ही आमची रीत. लग्नाला सहा वर्षं झाली, मी घोटभर प्यालो नाय.

काल माझी बाटली जीपमधीच राहिली. दवाखान्यातला कूलर बंद. आतून हाक आली, "सर्जेराव काका, पाणी पिऊन तयार राहा." निशानं घरची बाटली पुढं केली. मी मान हलवली. बाकावरच्या बाया बघायला लागल्या.

"प्या की व्याही," कडूबा म्हणाला. "जीवापेक्षा काय मोठं हाय?"

"तुम्ही मधी पडू नका," मी भडकलो. "लेकीला मूल नाय अजून. कसं पिऊ?"

निशाचे डोळे भरले. "अप्पा, तुम्ही नको म्हणलं की लोक माझ्या पोटाकडं बघतात." मग सासऱ्याकडं बघत म्हणाली, "सहा वर्षांत या मामांनी एकदाबी विषय काढला नाय. तुम्ही रोज काढता."

कानफटात बसल्यावाणी झालं मला. कडूबा खाली मान घालून बसला होता. माझ्या लेकीला यानं माझ्यापेक्षा जास्त जपलं! जळून खाक झालो मी. लाजबी लई वाटली.

बाटली ओढून घेतली अन् गटागटा सगळी संपवली. एक घोट ठेवला नाय.

"अहो व्याही, मला प्यायचं होतं," कडूबा म्हणाला.

"तुम्ही थांबा आता," मी म्हणालो. "निशा, तू ये. माझ्यापाशी बस."