दोन ओळी राहिल्यात

मित्रांनो, मी चिमट्याची एक जुनी फळी आहे. परीक्षेला कागद लावून लिहिता ना, त्या तुमच्या पॅडची थोरली बहीण म्हणा हवं तर. लाकडाचा भुसा दाबून मला घडवलं, त्यामुळे माझं अंग जरा मऊ आहे. मऊ अंगावर सगळं उमटतं. माझ्या मालकिणीने लिहिलेला शब्द न् शब्द माझ्यावर आहे. तिने न लिहिलेला एक शब्दही आहे. तो शेवटी सांगेन.

मालकीण चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. घरी आली की कथा लिहायला बसायची. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून तिने स्पर्धांनाच गुरू केलं. नियम ठरलेले असत: कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, शब्दमर्यादा पाळावी, कथा परत मिळणार नाही. परत मिळणार नाही म्हणून ती कार्बन घालून, दाबून दाबून लिहायची. तो दाब मी सोसायची.

पहिल्या कथेत तिने चार माणसं मारली. परीक्षकांनी कळवलं, 'इतके मृत्यू कशाला?' दुसरीत एकालाही धक्का लावला नाही, तर 'कथेत काही घडत नाही.' ती प्रत्येक पत्र माझ्या चिमट्यात लावायची आणि ते समोर ठेवून पुढची कथा लिहायची. अशीच ती शिकत गेली.

घरात तिचा धाकटा भाऊ होता. भारी वल्ली! "ताई, या परीक्षकांना एकदा जेवायला बोलाव. पोट भरलं की बक्षीस देतील," म्हणायचा. किल्ली विसरणं हा त्याचा नेम. दारावर तीनदा टकटक करायचा आणि बाहेरूनच ओरडायचा, "झालं का लिहून?"

एका दुपारी असाच आला. टपाल निघायला अर्धा तास उरला होता आणि कथेचा शेवट व्हायचा होता. टकटक झाली.

"थांब रे, दोन ओळी राहिल्यात!" ती म्हणाली.

त्याला धीर कुठला? तो इमारतीच्या मागे गेला आणि पाइपवरून वरच्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे चढू लागला. आधीही तो तसा चढला होता. त्या दिवशी हात निसटला. खाली धप्प आवाज झाला तेव्हा ती शेवटचा पूर्णविराम देत होती. तोही माझ्यावर आहे, इतका खोल की बोटाला लागतो.

भाऊ गेला. वर्षभर मी कपाटावर धूळ खात पडले. मग तिने मला खाली काढलं. नव्या कथेत एक बहीण होती आणि दारावर टकटक होती. परीक्षकांनी लिहिलं, 'दार न उघडताच कथा संपते, यातच तिची ताकद आहे.' उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. तिने तीच कथा बदलून पुन्हा लिहिली, तिसरं आलं. पुन्हा लिहिली, दुसरं आलं.

पण मित्रांनो, परीक्षकांना जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. ती टकटकीची शेवटची ओळ लिहायची आणि आमच्या दारावर खरोखर तीनदा टकटक व्हायची. भर दुपारी. पहिल्यांदा तिने धावत जाऊन दार उघडलं, तर जिन्यात कुणी नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, वाऱ्याने वाजलं असेल." पुढे ती उठेनाशी झाली. कानांवर हात घट्ट दाबून बसून राहायची. तिचा घाम माझ्यावर ठिबकायचा. मला तिची दया यायची आणि रागही यायचा. बक्षिसापायी ती त्याला पुन्हा पुन्हा दाराबाहेर उभं करत होती.

मग सर्वांत मोठी स्पर्धा आली. पहिलं बक्षीस या खेपेला हाताशी होतं. शेवटची ओळ उतरली आणि टकटक झाली. तिची लेखणी थांबली. मग तिने आणखी लिहायला घेतलं, 'ती उठली आणि तिने दार...' एवढंच. वाक्य अर्धवट टाकून ती खरंच उठली. मी तिच्या मांडीवरून जमिनीवर आपटले.

तिने दार सताड उघडलं. जिना रिकामा होता. "ये रे," ती रडत म्हणाली. "चुकलं माझं. आत ये." दार बराच वेळ उघडंच होतं. मग माझ्या शेजारून काहीतरी गेलं. पाऊल ऐकू आलं नाही, पण वरचे कागद अलगद उचलले गेले आणि माझ्या अंगावर हलकेच काहीतरी टेकलं.

कथा तिने तशीच, अर्ध्या वाक्यानिशी पाठवली. उत्तर आलं, 'कथा अपूर्ण आहे. विचार करता येत नाही.' ती कितीतरी दिवसांनी हसली. ते पत्र अजून माझ्या गंजलेल्या चिमट्यात आहे. टकटक मात्र पुन्हा झाली नाही.

आता ती थकली आहे, मीही कोपऱ्यात पडून आहे. कधी मला उन्हात तिरकं धरलंत, तर तिच्या अक्षरांच्या गर्दीखाली एक वेगळं, तिरपं अक्षर दिसेल. त्याच्यावर कागद नव्हता, कार्बन नव्हता. त्याने एवढंच लिहिलंय, 'झालं.'

तुम्ही लिहा, खूप लिहा, स्पर्धांना पाठवा. माझ्यासारखी एखादी फळी असेल तर तिला ओल लागू देऊ नका. पण लिहिताना दारावर कुणी आलं, तर आधी उठा. राहिलेल्या ओळी मी सांभाळेन.