बाबुशच्या तोंडावरचा टॉवेल

सुदानच्या यादवीतून डेल्सी आणि क्लेमेंटिना सुखरूप घरी परतल्या, तेव्हा आचरा गावाने या दोन नर्सचं तोंडभर कौतुक केलं आणि मग सवयीप्रमाणे थट्टाही सुरू केली. कोणाला साधी ठेच लागली तरी म्हणायचे, बोलवा त्या लढायेतल्या नर्सींना. दोघी हसून सोडून देत. तिथल्या इस्पितळाच्या अंगणात ओळीने निजवलेली माणसं गावाला सांगून करायचं काय?

त्या सकाळी खाडीच्या तोंडाशी लाटेने होडी उलटली. होडीत दोघेच होते, क्लेमेंटिनाचा बाप बाबुश आणि त्याचा भागीदार गुरुदास. लोकांनी त्यांना ओढून वाळूवर घातलं, तोवर दोघी धावत पोचल्या. इंजिनाच्या पंख्याने गुरुदासची मांडी फाडली होती आणि तो गुरासारखा ओरडत होता. बाबुश निपचित पडला होता. जो ओरडत नाही त्याला आधी बघायचं, ही सुदानातली शिकवण. डेल्सीने बाबुशची मान मागे केली, नाकाशी कान नेला. श्वास नाही, नाडीही नाही. तिने कोणाच्या तरी खांद्यावरचा टॉवेल ओढून त्याच्या तोंडावर टाकला आणि ती गुरुदासकडे वळली.

बायकांनी हंबरडा फोडला.

पोटच्या पोरीने तरी बापाला मिठी मारायची! पण क्लेमेंटिना टॉवेलचा अर्थ जाणून होती. तिथे टॉवेल पडला की त्या माणसापाशी थांबायचं नाही, कारण मागे जखमींची रांग असायची. ती मुकाट्याने बापाला ओलांडून गेली आणि गुरुदासची मांडी दोन्ही हातांनी दाबून बसली. तिचे हात जागचे हलले नाहीत.

डेल्सीने आपली ओढणी जखमेच्या वर आवळली, काठी अडकवून पीळ दिला. रक्त थांबलं.

"फुडलो खंय आसा?" पुढचा जखमी हवा म्हणून ती सवयीने ओरडली.

कोणी पुढे आलं नाही. कोण येणार? तिने मान वर केली. समोर गाव उभं होतं, धडधाकट, तिच्याकडे बघत. हे मी काय करून बसले!

"क्लेमी, ऊठ! हयसर तिसरो कोण नाय गो!"

तिने टॉवेल भिरकावला आणि बाबुशच्या तोंडात श्वास फुंकला. क्लेमेंटिना छाती दाबू लागली. दाबायचं, फुंकायचं, पुन्हा दाबायचं.

"गेलो तो. मेल्याचे हाल कित्याक करतास?" मागून कोणीतरी म्हणालं.

"गप रव!" क्लेमेंटिना खेकसली. तिच्या घामाचे थेंब बापाच्या छातीवर पडत होते. बरगडी मोडल्याचा आवाज आला, तरी ती थांबली नाही.

मग बाबुशच्या घशात घरघरलं. भडाभडा खारं पाणी पडलं आणि त्याने धापा टाकत श्वास घेतला. गाव एकदम बोलायला लागलं.

टेम्पोतून दोघांना मालवणला नेताना बाबुशचं डोकं क्लेमेंटिनाच्या मांडीवर होतं.

"डेल्सी," ती म्हणाली, "थंय सुदानात आपण सोडून दिले, तेंची छाती अशी दाबली असती तर?"

रांग होती, हात कमी होते, आपला इलाज नव्हता. हे सगळं खरं होतं आणि डेल्सीच्या ओठांवर आलंही होतं. पण समोर बाबुश खोकत होता.

"थोडे जगले असते," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.