रूपलीबाईचा वळसा

खांडबाऱ्याच्या स्टेशनावर पियानो उतरला तेव्हा बघायला अख्खा बाजार लोटला होता. बदली झालेल्या कुण्या रेल्वेच्या साहेबानं तो मिशनच्या मडमला देऊन टाकला होता. आठ माणसांनी तो उचलून डोंगरसिंगच्या गाडीत ठेवला. डोंगरसिंग म्हणजे मिशनचा गाडीवान, आणि आपल्या बैलांवर त्याचा स्वतःपेक्षा जास्त भरवसा. त्या भरवशावर त्यानं नदीत नेहमीचा उतार सोडून जवळची वाट धरली. मधोमध चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलंडली आणि पियानोच्या उजव्या अंगात नदी शिरली. पुढं तीन आठवडे तो उन्हात उघडा पडून होता. सगळ्या पट्ट्या हळूहळू बोलू लागल्या, पण वरच्या सप्तकातली पांढरी तीन काही बोलेना. आतली हातोडीच मोडली होती. ती दुरुस्त करणारा माणूस सुरतेच्या अलीकडं कुणी नव्हता.

डोंगरसिंगची बायको रूपलीबाई बंगल्यावर कामाला होती. भांडी घासताना ती मडमची गीतं गुणगुणायची, आणि एकही सूर इकडचा तिकडं व्हायचा नाही. मडमनं तिला पियानोवर बसवलं. पुस्तकातल्या खुणा तिला वाचता येत नव्हत्या आणि शेवटपर्यंत आल्या नाहीत. मडम एकदा वाजवायची, रूपलीबाई डोळे मिटून ऐकायची आणि मग वाजवायची. पाच-सहा महिन्यांत रविवारच्या उपासनेचा पियानो तिच्या हाती आला. नवऱ्यानं बुडवलेला पियानो बायकोनं तारला, असं लोक डोंगरसिंगला चिडवायचे. तोही बिचारा हसून घ्यायचा.

राहिली ती मुकी पट्टी. पुष्कळशा गीतांची चाल तिसऱ्या ओळीत वर चढायची आणि नेमकी त्या पांढऱ्या तिनावर जाऊन टेकायची. तिथं बोट ठेवलं की नुसतं लाकूड वाजायचं. रूपलीबाईनं मग आपल्या अकलेनं वाट काढली. वरच्या पायरीच्या एक पायरी आधीच ती वळायची, खालच्या दोन पट्ट्यांवरून एक लहानसा फेरा घ्यायची आणि पुढच्या ओळीला येऊन मिळायची. चर्चमधली मंडळीही तिच्यामागून तसाच फेरा घेऊन गाऊ लागली. त्याला नावच पडलं, रूपलीबाईचा वळसा. अकरा वर्षं सगळ्या गावानं तो गायला. त्या अकरा वर्षांत जन्मलेल्या पोरांना गीत तसंच असतं असं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मूळ चालीपेक्षा तो वळसाच कानाला गोड होता. निदान माझं तरी तेच मत आहे.

पियानोवर रूपलीबाईचा जीव होता. वाळवी लागू नये म्हणून त्याचे पाय रॉकेलच्या डब्यांत उभे होते. ते डबे ती दर शनिवारी स्वतः भरायची आणि आत कडुनिंबाचा ताजा पाला ठेवायची. बाकी तिच्या नावावर या जगात फारसं काही नव्हतं. पण रविवारी ती त्या स्टुलावर बसली की तिचा हात हलल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे, आणि एवढं तिला पुरत होतं.

जुनी मडम आपल्या देशी परत गेली आणि नवी आली. ही फार शिस्तीची. येतानाच तिनं सुरतेहून कारागीर आणला. त्यानं पियानो उघडला, नवी हातोडी बसवली, आणि पांढरी तीन अकरा वर्षांनी बोलली. रूपलीबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. आंधळ्याला दिसू लागावं तसा आनंद तिला झाला.

मडमनं तिला समोर बसवलं. "रूपलीबाई, आता पट्टी नीट झाली. आता पुस्तकाप्रमाणे वाजवा. जानेवारीत मेळा आहे. सगळ्या गावांच्या मंडळ्या एकत्र गाणार. मागच्या मेळ्यात तुमची मंडळी तिसऱ्या ओळीला एकटीच भलतीकडे गेली आणि लोक हसले, असं मी ऐकलं आहे."

लोक हसले होते हे खरं होतं. रूपलीबाई तेव्हा नातीच्या आजारपणामुळं मेळ्याला गेली नव्हती, आणि तिला हे कुणी सांगितलंही नव्हतं. ते ऐकून ती ओशाळली. चर्चचं दार लावून तीन दुपारी ती मडमपाशी बसली आणि सगळी गीतं सरळ चालीवर आणून मोकळी झाली. तिच्या कानाला तीन दुपारी म्हणजे पुष्कळ झाल्या.

शनिवारी डबे भरायला ती चर्चमध्ये आली तर गजराबाई दारातच उभी. गजराबाई तिची जिवाभावाची मैत्रीण. एकीचं माहेर डोंगरात, दुसरीचं तापीकाठी. घरच्या बोल्या वेगळ्या, म्हणून दोघी बाजारातली अहिराणी बोलायच्या आणि एकमेकींपासून काही लपवायच्या नाहीत. दर गुरुवारी दुपारी गजराबाईच्या घरी बसून दोघी धान्य निवडायच्या, हा वर्षानुवर्षांचा रिवाज होता.

"रूपली, माय, नवी चाल आमले जमाव नही," गजराबाईनं तिचा हातच धरला. "अकरा वरीस जीभ वळसावर बठेल शे. तू सरळ वाजाडशी ते आम्ही तोंडघशी पडसूत. मडम मंग आमले मेळामा लई जावाव नही. तू वळसाच वाजाड. मंडळी तुन्हामांगे शे."

"आनि मडम?"

"मडम काय करी? सगळा वळसाच गासूत. मरी जासूत, पन वळसा सोडाव नही."

रूपलीबाई रात्रभर तळमळली नाही की काही नाही. तिचं मन ठरून गेलं. मंडळीला जमत नसेल तर आपल्याला येऊन काय उपयोग? रविवारी तिनं वळसा वाजवला, आणि मंडळीनं तो अगदी छाती फुगवून गायला.

उपासना संपल्यावर मडम तिच्यापाशी आली. चेहरा लाल. "मी शिकवलं ते कुठे गेलं?"

मंडळीला जमत नाही असं सांगितलं असतं तर मडमनं मंडळीला मेळ्यातून गाळलं असतं. रूपलीबाईनं मान खाली घातली. "तुमच्यापाशी जमलं, पण मंडळीपुढं हात वळत नाही, मडमसाहेब. जुना झालाय."

"म्हणजे तुम्हाला येत नाही?"

"नाही येत."

मडमनं तिथंच, सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की रूपलीबाईंना सरळ चाल जमत नाही, तेव्हा नाताळपासून शाळेच्या नव्या बाई, निर्मलाबाई, पियानो वाजवतील. निर्मलाबाई पुस्तक वाचून वाजवणाऱ्या. रूपलीबाई पदर सावरून स्टुलावरून उठली. तिला आतून धीर होता. स्टूल गेलं तरी वळसा मंडळीच्या तोंडात होता. नाताळला निर्मलाबाई सरळ वाजवतील, मंडळी वळसा घेईल, सगळा गोंधळ होईल आणि मडमला आपल्यालाच बोलवावं लागेल. गजराबाईनंही तेच सांगितलं होतं.

नाताळाला पाच आठवडे होते. पहिल्याच गुरुवारी ती गजराबाईकडं निघाली तर दारावर कडुनिंबाचा डहाळा. चर्चमध्ये असल्या रिवाजांची मनाई होती, पण घरात कांजण्या आल्या की डहाळा लागायचाच. तो दिसला की माणूस कुंपणाशीच थांबणार. तिनं तिथूनच हाक मारली.

गजराबाई लगबगीनं बाहेर आली. "नातीले कांजण्या निंघन्यात वं! घरमा येवू नको, तुन्ही नात न्हानी शे."

"कशी शे पोर?"

"आते निजेल शे."

घरात खरंच चिडीचूप होतं. रूपलीबाईला वाईट वाटलं. घरी जाऊन तिनं नागलीची थंडगार आंबील केली, वाडगाभर आणून कुंपणाच्या दगडावर ठेवली आणि पोरीसाठी तिथंच उभ्यानं प्रार्थना केली. पुढच्या गुरुवारी डहाळा होताच. त्याच्या पुढच्याही. एका पोरीच्या कांजण्या एवढ्या दिवस कशा टिकल्या असं आपल्याला वाटेल, पण रूपलीबाईच्या मनात ते आलं नाही. पहिली बरी झाली असेल तर दुसऱ्या कुणाला आल्या असतील, एवढंच तिला वाटलं. पाचही गुरुवारी तिनं आंबील ठेवली. आधीचा वाडगा पुढच्या गुरुवारी रिकामा होऊन त्याच दगडावर असायचा. पाचही गुरुवारी डोंगरसिंग संध्याकाळी उशिरा घरी आला आणि म्हणाला की आज भूक नाही. त्याचं वय झालं असं तिला वाटलं.

नाताळाची सकाळ उजाडली. चर्चला आंब्याची पानं आणि रंगीत कागदाच्या झिरमिळ्या लावल्या होत्या. रूपलीबाई बायकांच्या बाजूला, चौथ्या ओळीत बसली. अकरा वर्षांत ती प्रथमच तिथं बसत होती. तिथून पियानोची फक्त पाठ दिसत होती. निर्मलाबाई येऊन बसल्या, पुस्तक उघडलं, साडी सारखी केली. बिचारी दर क्षणी मडमकडं बघत होती. रूपलीबाईला तिची थोडी दयाही आली.

पुढच्या ओळीत गजराबाई होती, धुतलेल्या पांढऱ्या लुगड्यात. शेजारी तिची नात. पोरगी मागं वळून हसली. चेहरा गुळगुळीत, एकही वण नाही, एकही खपली नाही. देवानं पोर किती नीट राखली, असं मनात येऊन रूपलीबाईनं हात जोडले.

गीत सुरू झालं. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरी ओळ चढू लागली तशी रूपलीबाई सावरून बसली. एक पायरी, दुसरी पायरी. आता.

मंडळी सरळ वर गेली.

कुणी अडखळलं नाही, कुणी इकडं तिकडं बघितलं नाही. सगळी मंडळी त्या पांढऱ्या तिनावर एकदम जाऊन उभी राहिली, सरळ आणि स्वच्छ, महिनाभर घोटून पाठ केल्यासारखी. रूपलीबाईचं तोंड तेवढं सवयीनं वळशाला गेलं. तिचा एकटीचा आवाज त्या सगळ्यांच्या खाली उघडा पडला, आणि पुढच्या ओळीतल्या दोन पोरी फिसकन हसल्या. ती गप्प झाली. मग पुरुषांच्या बाजूनं एक जाड आवाज तिला वेगळा ऐकू आला. तो डोंगरसिंगचा होता, आणि तोही सरळच गात होता.

तिला सगळं एका झटक्यात कळलं. तो डहाळा, ते चिडीचूप घर. आपण कुंपणाशी उभं राहून पोरीसाठी देवाला विनवत होतो, तेव्हा आत ही सगळी माणसं श्वास धरून बसली होती. आपण कधी जातो याची वाट बघत होती. त्यात आपला नवराही होता, आणि आपल्याच आंबिलीनं त्याची भूक मरत होती तेही आता उमगलं. परक्यानं हिसकावलं असतं तर ती भांडली असती. हा केसानं गळा कापला होता, आणि तोही ज्यांच्यासाठी तिनं स्टूल सोडलं त्यांनीच.  

उपासना सुटली. बाहेर जेवणाची गडबड सुरू झाली, पोरं ओरडू लागली. मडम दारात उभी राहून सगळ्यांचे हात हातात घेत होती आणि आता मेळ्यात कुणी हसणार नाही असं सांगत होती. चर्च रिकामं झालं तरी रूपलीबाई बसूनच होती. मग ती उठली आणि पियानोपाशी गेली. शनिवार नव्हता, तरी सवयीनं तिनं वाकून डबे बघितले. एकात रॉकेल संपत आलं होतं. ती स्टुलावर बसली.

तिनं तेच गीत वाजवलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि तिसऱ्या ओळीला तिचं बोट पांढऱ्या तिनावर सरळ जाऊन पडलं. निर्मलाबाईपेक्षा कितीतरी स्वच्छ. सबंध गीत तिनं पुस्तकाशिवाय, एकही चूक न करता पुरं केलं.

मागं काहीतरी वाजलं. दारात गजराबाई उभी होती. तिनं रूपलीबाईचा वाडगा आणला होता, पाचव्या गुरुवारचा, द्यायचा राहून गेलेला. तो तिच्या हातून दाराजवळच्या बाकावर आदळला होता.

"रूपली," ती चाचरत म्हणाली, "तुले वाईट वाटीन म्हनीसन सांगं नही वं. मांगला मेळामा लोके लई हासनात आमले. मडम म्हने, एक महिना घोटा ते जमी. तुले ते येतच नही, मंग तुले सांगीसन..." ती मधेच थांबली. आत्ता काय ऐकलं ते तिच्या ध्यानात येत होतं. "तुले येत व्हतं?"

"येत व्हतं."

"कव्हयपाईन?"

"तू दारमा उभी ऱ्हायनी व्हती ना, मन्हा हात धरीसन? त्यानाबी आधीपाईन."

"मंग वाजाडं का नही वं?"

"तूच म्हनी व्हती, आमले जमाव नही."

गजराबाईनं पदर तोंडाला लावला. तिला रडू फुटत होतं, पण रूपलीबाई तिची समजूत घालायला उठली नाही. तिनं पियानोचं झाकण हलकेच लावलं, बाकावरचा वाडगा उचलला आणि आत बघितलं. घासूनपुसून लख्ख केलेला होता.

"गजरा," तिनं विचारलं, "आंबीलमा मीठ बराबर व्हतं का वं?"