आधी तू जेव

विसराळूपणाच्या आजाराने गाठलेली चोवीस म्हातारी माणसं त्या निवासात राहत होती, आणि चोवीसच्या चोवीस वाळत चालली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी वजनांची वही चाळली, चष्मा पुसला आणि सांगितलं, "दोन महिन्यांनी परत येतो. वजनं वाढली नाहीत तर निवास बंद. सगळ्यांना दुसरीकडे हलवावं लागेल." आता वजन घटलं की बोट कुणाकडे दाखवायचं? आचाऱ्याकडे. ताटं भरलेली परत येतात म्हणजे चव बिघडली असणार, हे समजायला फारशी अक्कल लागत नाही, म्हणून ते सगळ्यांना लगेच समजलं.

आचारी उंच, किडकिडीत, वर गोल टक्कल. सगळे त्याला झारा म्हणत. चांगली हॉटेलातली नोकरी सोडून तो इथे आला होता, कारण इथे त्याची ताई होती. आई गेल्यावर याच ताईने त्याला आणि धाकट्या चौघांना वाढवलं. आता ती त्याला 'अहो आचारी' म्हणायची. तेही त्याने गिळलं होतं. पण तिचं वजन अडतीस किलोवर आलं होतं, आणि दुसरा निवास होता रेल्वेने आठ तासांवर. ताई तिकडे गेली तर आपण तिला पुन्हा किती वेळा बघणार, या विचाराने त्याचा जीव कासावीस व्हायचा.

त्याने काय नाही केलं? मीठ वाढवलं, मीठ कमी केलं, भात मऊ केला, भाज्या कुस्करल्या. ताटं जशीच्या तशी परत. वर नर्सबाई येता-जाता म्हणायच्या, "हॉटेलात खपलं असेल हो हे!" दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. त्या त्याला वजनांची वही दाखवत नसत आणि तो त्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे.

एके दिवशी सकाळीच शेगडी बिघडली. तिच्याशी झटापट करून झाऱ्याने कसंबसं जेवण वेळेवर लावलं, पण स्वतःच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. वाढता वाढता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो ताईशेजारच्या रिकाम्या खुर्चीत मटकन बसला. कर्मचाऱ्यांनी त्या टेबलाशी बसायचं नाही, असा नियम होता.

ताईने त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"जेवला नाहीस ना?"

"नाही गं."

तिने आपलं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "आधी तू जेव."

नको म्हणायचंही त्राण नव्हतं. त्याने एक घास घेतला, दुसरा घेतला. चौथ्या घासाला ताईने हात पुढे केला आणि त्याच ताटातून स्वतः जेवायला लागली. निम्मं ताट संपवलं! झाऱ्याच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. ती जन्मभर अशीच जेवली होती, पाची भावंडांची पोटं भरल्यावर, सगळ्यांच्या मागून. आजाराने तिच्याकडून नावं नेली, चेहरे नेले, पण आधी कुणी जेवायचं ते मात्र तिच्यापाशी राहिलं होतं.

नर्सबाई ओरडायलाच येत होत्या. झाऱ्याने त्यांना सगळं सांगितलं आणि टोमण्याची वाट बघत उभा राहिला. टोमणा आला नाही. बाई हॉलभर नजर फिरवत म्हणाल्या, "खिडकीपाशी बसते ना, तिला सात मुलं. आणि तो मुकादम, त्याची बायको सांगत होती, मजूर जेवल्याशिवाय हा डबा उघडत नसे. अरे देवा! आपण यांच्यापुढे ताट ठेवतो आणि उपाशी तोंडाने डोक्यावर उभे राहतो. कसे जेवतील हे?"

त्या दिवशी नर्सबाई पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आल्या. त्यांची वजनांची वही आणि झाऱ्याचा परत आलेल्या ताटांचा हिशेब शेजारी शेजारी उघडले. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना जेवू घातलं होतं, तेच सर्वात जास्त वाळले होते.

यांच्याच टेबलाशी बसून आधी आपण जेवायचं, असं दोघांनी ठरवलं. मॅडम, म्हणजे निवासाच्या व्यवस्थापक, आधी "पण नियम?" म्हणाल्या. मग दोन्ही वह्या बघितल्या आणि स्वतःच तपासणीसाहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "करून बघा. मात्र दर सोमवारी वजनं मला कळवा." मॅडमनी घरच्यांनाही सांगितलं, "संध्याकाळी भेटायला येता ना, ते दुपारी या. आणि जेवून येऊ नका."

तरी माणसं कमी पडत होती. झारा रस्ता ओलांडून समोरच्या गॅरेजात गेला. तिथे सहा मेकॅनिक रोज टायरांवर बसून डबे खायचे.

"आम्ही?" त्यांचा उस्ताद म्हणाला. "हात बघितलेस का आमचे?"

"साबण आमचा, भूक तुमची. चला."

पहिल्या दिवशी नुसती धमाल उडाली. सात मुलांच्या आईने एका मेकॅनिकला इतकं आग्रहाने वाढलं की बिचारा दुपारी गाडीखाली शिरेना. मुकादमाने सगळ्यांची हजेरी घेतली, एकाला उशिराबद्दल झापलं आणि मग समाधानाने जेवायला बसला. पहिल्या सोमवारी काटा हलला नाही. दुसऱ्या सोमवारी ताईचं वजन दोनशे ग्रॅमने वाढलं. नर्सबाईंनी अशी आरोळी ठोकली की समोरचं गॅरेज धावत आलं.

दोन महिन्यांनी साहेब आले ते नेमके जेवणाच्या वेळी. हॉलमध्ये कालवा चालला होता. साहेबांनी टेबलावर कागद पसरले तर ताईने ते गोळा करून बाजूला ठेवले. "आधी जेव. मग लिही." साहेबांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी छताकडे. साहेब मुकाट्याने जेवले, आणि ताईने वाढलेला दुसरा भातही त्यांनी संपवला.

मग नर्सबाईंनी वही पुढे केली. चोवीसपैकी बावीसजणांची वजनं वाढली होती, उरलेल्या दोघांची घटायची थांबली होती. साहेबांनी सही ठोकली. "निवास चालू राहील. आणि बाकीच्या निवासांची माणसं मी इथे शिकायला पाठवणार आहे."

"उपाशी पाठवा म्हणजे झालं!" उस्ताद ओरडला, आणि हॉल हसण्याने दणाणून गेला.

झारा मात्र ताईकडे बघत होता. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर तिने आपलं ताट ओढलं होतं, आणि ते आता रिकामं झालं होतं. तिने चमचा ताटावर वाजवला.

"बघतोस काय नुसता? वाढ की अजून."

साठ वर्षांत ताईने स्वतःसाठी दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं त्याने पाहिलं नव्हतं. झारा पातेलं आणायला धावला. डोळे पुसायला त्याला हात मोकळा नव्हता, ते त्याने तसेच वाहू दिले आणि ती "पुरे" म्हणेपर्यंत वाढत राहिला. ती लवकर पुरे म्हणाली नाही.