हैबतरावांचं पाया पडणं

साखरपुड्याच्या मांडवात मानाची टोपी घ्यायला नाव पुकारलं, तसे हैबतराव ताडकन उठले आणि शेजारी बसलेल्या थोरल्या चुलतभावाच्या, गेणबाच्या, पायांवर सपशेल आडवे झाले.

मांडवातली माणसं उठून बघू लागली. ज्या बांधापायी दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, तो बांध कधीच कंपनीच्या पार्किंगखाली गेला होता. भांडण तेवढं डांबर फोडून पुन्हा उगवायचं.

"ऊठ हैबती," म्हणत गेणबानं त्यांना छातीशी धरलं. बायका रडल्या, आचारी रडला. बासुंदी त्या दिवशी खारट लागली म्हणतात.

"आरं, चक्कर आली मला!" हैबतराव ओरडत राहिले. ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी माण गावच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना आधी झोपवून, मग उभं करून बीपी मोजलं.

"आजोबा, उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं. शिरा आवळून ते वर चढवायचा हुकूम नसा देतात, आपल्याला न विचारता. तुमच्या जुन्या साखरेनं त्याच नसा बिघडवल्यात. जेवताना डोक्याला घाम फुटतो, तोही त्यामुळंच."

हैबतराव खुलले.

"म्हंजी पाया मी पडलोच न्हाई. नसा पडल्या!"

"गोळ्यांचं मी बघते. तुम्ही टप्प्याटप्प्यानं उठायचं. आधी बसा, पाय खाली सोडा, पोटऱ्या हलवा, मग उभं राहा."

घरी येऊन ते पलंगावर लवंडले. "येऊ दे गेणबाला. तोंडावर सांगतो."

"सांगा की," त्यांची बायको चंद्राबाई म्हणाल्या. "आन् बसा पुन्ना अबोला धरून भिंतीशी बोलत."

संध्याकाळी गेणबा आला. काखेत इंद्रायणी तांदळाची पिशवी.

"हैबती, काल बोलायचं म्हनूनच मी तुज्या शेजारी बसलो हुतो. जीभच उचलंना. तू मोठा निगालास बाबा."

हैबतराव उठून बसले, पाय खाली सोडले, पोटऱ्या हलवल्या, मग पलंगाला धरून उभे राहिले. अंधारी आली नाही. गेणबाचं पांढरं डोकं, त्यामागं दाराबाहेरचं पार्किंग, सगळं लख्ख दिसत होतं.

मग ते गेणबाच्या पायांशी वाकले.

"अगं बया, पडलं!" चंद्राबाई तांब्या घेऊन धावल्या.

"पडलो न्हाई," खालून आवाज आला. "थांब जरा. टप्प्याटप्प्यानं उठतोय."