ईसाच्या आसवांसोबत काय वाढावं

इस्माईल खानसाम्याचा हिशेब सोपा होता. साहेबाची शेवटची बाटली जेवणासोबत गोड लागली, तर कायमची नोकरी. रेल्वेचं काम वाशीमच्या पुढं सरकलं की डेऱ्याबरोबर तोही पुढं. नाही लागली, तर बाजारात भजी तळायची.

साहेब इटलीचा, नेपल्सकडचा. पुलांची दगडी कामं बघायचा. आडनाव कापुतो. वाशीमच्या बाजारानं त्याचं ‘कपूतसाहेब’ केलं होतं, आणि तो बिचारा अर्थ न कळता त्या हाकेला हसून ओ द्यायचा. गावाकडून त्यानं द्राक्षाच्या पांढऱ्या दारूच्या तीन बाटल्या जपून आणल्या होत्या. पहिलीसोबत इस्माईलनं मरळ मासा लाल तिखटात घोळून तळला. साहेबाचे डोळे वाहिले, दारूची चव लागलीच नाही. दुसरीच्या वेळी त्यानं तिखट कमी केलं. म्हणजे वाशीमच्या मापानं कमी केलं.

“मछली चिल्लाता है,” साहेब मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, “शराब बिचारा चूप. इतवार को आखरी बाटली. फिर मिरची, तो तुम घर.”

इस्माईल दारूला शिवतही नसे. चव माहीत नसलेल्या वस्तूला जोड शोधायची, म्हणजे न पाहिलेल्या नवरीला चोळी शिवण्यासारखंच. त्यानं साहेबाच्या मुन्शीला, रामकिसनला गाठलं.

“मुन्शीजी, त्या बाटलीवर लिवलं काय हाय? नाव तरी सांगा.”

“मले इंग्रजी येते, बाबा. हे काई इंग्रजी नाई. इचारून सांगतो.”

संध्याकाळी मुन्शी विचारून आला. “लाक्रिमा क्रिस्ती. म्हंजे येशूचे आसू.”

“हजरत ईसाचे?” इस्माईलनं कानाला हात लावले. “तौबा! अन् मी त्याईच्यासमोर मासे तळून राह्यलो होतो!”

घरी बायकोला, रहमतबीला, सांगितलं तर ती त्याच्यावरच चढली. “अजी, जिथं आसू, तिथं कढई चढते काय? मौतीच्या घरात तळण करते कोनी? चूलबी पेटत नाई तीन दिवस. शेजारचे आनून देतात, फिकं, बिनमसाल्याचं, तेच खातात मानसं.”

“मंग मी काय करू?”

“काईच करू नका. हेच तर सांगून राह्यली मी!”

रविवारी डेऱ्याची चूल थंड राहिली. रहमतबीनं घरी मरळ नुसत्या पाण्यात शिजवली. मीठ, लसणाच्या चार पाकळ्या, कोथिंबीर, वरून लिंबू. सोबत मऊ भात. शेजारधर्मासारखं झाकून दिलं. ती पांढरीफटक थाळी इस्माईलनं मान खाली घालून मांडली. पंधरा वर्षांत इतकं लाजिरवाणं जेवण त्यानं कुणापुढं ठेवलं नव्हतं.

साहेबानं ओल्या पोत्यात गार केलेली बाटली स्वतःच उघडली. एक घास, एक घोट. पुन्हा घास. मग त्यानं चमचा खाली ठेवला.

“हमारा माँ ऐसा बनाता,” तो म्हणाला. “समुंदर का मछली. यही पानी, यही लसून.” त्यानं पेला उजेडात धरला. “अब दोनों बात करता है. इस्माईल, तुम पक्का. क्या तरकीब किया?”

इथं मान डोलावून गप्प बसण्यात सगळा फायदा होता. इस्माईलनं तेवढा सोडला. “साहेब, मैंने नहीं किया. घरवाली ने बनाया.”

साहेब हसला. “तो वो भी आएगा. दोनों आव.”

“और तनखा?”

“कंपनी का कायदा. एक डेरा, एक खानसामा, एक तनखा.”

रहमतबीनं ऐकलं आणि पदर खोचला. “वा! म्हंजे नोकरी तुमची अन् हात माह्ये.” पण पुढच्या मुक्कामाला निघताना बैलगाडीत आधी तीच चढली. नव्या मुक्कामी रोज दोन चुली पेटायच्या, एक घरची, एक साहेबाची, आणि दोन्ही तीच पेटवायची.

तर साहेबाची खर्ची पडली एक बाटली, आणि त्या बदल्यात त्याला आईच्या हातची चव मिळाली. मुन्शीचे गेले दोन शब्द. इस्माईलनं खरं बोलूनही नोकरी राखली, त्यात त्याचं काहीच गेलं नाही. बाकी सगळं रहमतबीनं भरलं.