बाण आणि डोक्यावर उभे त्रिकोण

जावयाने सासुरवाडीला यावं, चार दिवस राहावं, याला कुणाची ना नव्हती. पण या जावयाने येताना शिवणयंत्राच्या दुप्पट वजनाचं धूड आणलं आणि विचारलं ना सवरलं, सरळ जेवणाच्या टेबलावर मांडलं! तीन दिवस सगळं घर मांडीवर ताट घेऊन जेवत होतं.

"हा जुना कॉम्प्युटर का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई, हे त्याचं तोंड. कॉम्प्युटरला पडदे नव्हते तेव्हा तो काय म्हणतो ते हे कागदावर छापायचं."

"म्हणतो कसला, भांडतोय मेला!"

मशीनमध्ये लिंबाएवढा गोळा होता, अंगभर अक्षरं उठलेला. तो गरगर फिरून कागदावर थडाथड आपटायचा. असे दोन गोळे होते. एक साध्या इंग्रजी अक्षरांचा, दुसरा गणितवाल्यांचा: बाण, डोक्यावर उभे त्रिकोण, रेघा, गोल. सासूबाई दुसरीतून शाळा सोडलेल्या. इंग्रजीशी त्यांचं सोयरसुतक नव्हतं, पण ही नक्षी त्यांना आवडली होती. तसं बोलून दाखवायला त्या काही वेड्या नव्हत्या.

आठ महिने जावई घरी बसून होता. आज संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. मशीन पसंत पडलं, तर ते सांभाळायला जावयालाही नोकरीवर ठेवणार होत्या. लेकीचा जीव टांगणीला लागला होता.

बाईंनी आल्या आल्या एक जुना कागद पुढे केला. "एवढं छापून दाखवा."

जावयाने बोटं मोडली. कळांवर चिन्हांच्या चिकटपट्ट्या होत्या. नजर तिथे आणि तोंड सुरू. "हा बाण बघा, याची गंमत अशी..."

बाईंच्या कपाळावर आठी चढली. लेक नखं खाऊ लागली.

सासूबाईंना राहवेना. "जावईबापू, बाण कुठेत?"

"आई, छापतोय ना!"

"काय छापताय, कपाळ! काल बाण होते, त्रिकोण होते. आज सगळं औषधाच्या खोक्यावरचं इंग्रजी उतरलंय."

जावयाने पहिल्यांदा मान वर केली आणि पांढराफटक पडला. मशीनवर साधा गोळा होता! गणिताचा त्याने सकाळी धुवायला काढला होता.

"मग आहे कुठे तो?" लेक किंचाळली.

"मोरीत. स्पिरिटमध्ये... आईंच्या पेल्यात."

पाहुण्यांदेखत सासूबाईंनी राग गिळला आणि पेला आणून दिला.

जावयाने गोळा पुसून बसवला. त्याच कळा, पण आता बाण सुटले. गोळा एक घर मागे आला आणि छापलेल्या गोलाच्या पोटात रेघ मारून पुढे गेला. बाई हसल्या. "एक तारखेला मशीन घेऊन रुजू व्हा."

दार लागलं तशी जावयाची छाती फुगली. "बघितलंत आई? कदर असते माणसाची!"

"जावईबापू, नोकरी त्या मशीनला लागलीय. तुम्ही पाठराखीण म्हणून निघालात. रुबाब त्याला करू दे, तुम्ही नुसतं बघायला शिका!"